बापाच्या माघारी सातबाऱ्यावर कोण?

कोल्हापुरात सकाळी पेपर आला की बऱ्याच घरांत आधी निधनवार्तांचा रकाना वाचला जातो. ओळखीतलं कोण गेलं, रक्षाविसर्जन किती वाजता, एवढं बघायचं आणि मग राजकारणाकडं वळायचं. मजकूर ठरलेला. अमुक गावचे प्रगतशील शेतकरी, वय इतकं, अल्पशा आजाराने निधन, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ बायकोचं नाव छापत नाहीत, पण जागा तिची पहिली असते. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या मुलीही त्यात मोजलेल्या असतात. आता त्याच माणसाचा सातबारा दोनेक वर्षांनी काढून बघा. पुष्कळदा त्यावर नुसते मुलगे उरलेले असतात. जुन्या उताऱ्यांवर तर आई आणि बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडतात, विहिरीतला पाण्याचा वाटा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. मधल्या काळात त्या घरातलं आणखी कुणी गेलेलं नसतं. फक्त एका कागदावर सह्या झालेल्या असतात.

बाप गेल्यावर त्याची आठवण कशी राखायची, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो. मला तो चव्हाट्यावर आणण्यासारखा वाटतो. ज्या माणसांसाठी तो बाप आयुष्यभर राबला, त्यांतल्या निम्म्यांना त्याच्याच नावाची शपथ घालून बाहेर काढलं जातं, आणि या कामाला पाव्हणे, भावकी, गाव, सरकारी कचेऱ्या असे सगळे मिळून हातभार लावतात. घरातला बाप घरात राहिला की नाही, हे त्याच्या फोटोच्या हारावरून ठरत नसतं. त्याच्या माघारी त्याच्या बायकोचं आणि मुलींचं त्या घरात काय झालं, यावरून ते ठरतं.

तशी आपल्याकडं आठवणींना तोटा नाही. माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल फलक लागतो. खाली ‘शोकाकुल’ म्हणून मुलगे, पुतणे, भाचे, तालीम मंडळ, मित्र परिवार, आणि एखाद्या नेत्याचा फोटो, जो कधी कधी गेलेल्या माणसाच्या फोटोपेक्षा मोठा असतो. मुलींची नावं त्यात क्वचित. वर्षश्राद्धाला पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात, भाद्रपदात म्हाळ, देवळाला फरशी, शाळेला पंखे. पंख्याच्या पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेलं असतं. पंखा फिरत असताना ते वाचता येत नाही, आणि बंद असतो तेव्हा पोरं घामानं एवढी बेजार असतात की वाचणार कोण! असो, पंखे दिले ते चांगलंच केलं.

आणि प्रवचन. रक्षाविसर्जनाला किंवा उत्तरकार्याला आता प्रवचनकार बोलावतात आणि ते बापावर बोलतात. बापाचं फाटकं बनियन, बापाच्या टाचेच्या भेगा, पोरांच्या फीसाठी विकलेली म्हैस. मांडवातले बाप्ये डोळे पुसतात. मीही पुसलेत. यातलं खोटं काही नसतं, आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीनं अशीच पोरं वाढवली. पण त्या तासाभराच्या बोलण्यात ती म्हैस कोण पाळत होतं, तिची धार कोण काढत होतं, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल कुणाच्या नावानं निघत होतं, हे कधी येत नाही. बापाचा त्याग एवढा मोठा करून ठेवायचा की त्याची परतफेड करावीशी वाटावी, आणि ती परतफेड मागायची कुणाकडं? तर पुढं बसलेल्या विधवेकडं आणि माहेरी आलेल्या लेकींकडं.

पहिली वसुली विधवेकडून होते, तीही माणूस अजून दारात असताना. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. हे सगळं कुणाच्या नावानं? जो माणूस कालपर्यंत बाजारातून येताना तिच्यासाठी गजरा आणत होता, त्याच्या. त्याची शेवटची इच्छा विचारली असती तर एकाही शहाण्या माणसानं ‘माझ्या बायकोच्या हातावर दगड घाला’ असं सांगितलं नसतं. तरीही आपण त्याला त्याचा मान म्हणतो.

या बाबतीत आपल्या जिल्ह्यानं एकदा राज्याला वाट दाखवली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला की गावात विधवा प्रथा पाळली जाणार नाही. सरपंच होते सुरगोंडा पाटील. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन ६ मे रोजी शंभर वर्षं पुरी होत होती, त्या शताब्दीचं निमित्त होतं. पंधरवडाही झाला नाही तोवर, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा ग्रामविकास मंत्रीही कागलचेच होते, हसन मुश्रीफ. गावानं मांडायचं आणि सरकारनं उचलायचं, असं उलट्या दिशेनं सहसा होत नाही.

हेरवाडला शाहू महाराजांची आठवण झाली ती योग्यच होती. १९१७ साली त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला हे सगळे सांगतात. मला त्याहून त्यांच्या घरातली गोष्ट जास्त बोलकी वाटते. १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी शिकारीच्या अपघातात गेला. सून इंदुमती तेव्हा जेमतेम बारा वर्षांच्या आतबाहेरची, लग्नाला वर्षच झालेलं. मुलाच्या दुःखात बुडालेल्या राजाला त्या पोरीला वाड्याच्या एका कोपऱ्यात बसवून ठेवणं अगदी सोपं होतं, तशी रीतच होती. त्यांनी तिच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली, सोबतीला शिकायला आणखी मुली ठेवल्या. पुढं कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणात इंदुमतीदेवींचं नाव ठळक झालं. मेलेल्या मुलाची आठवण त्या बापानं कशी राखली ते बघा. मुलाच्या माघारी जी राहिली, तिला उभं केलं.

अर्थात ठरावानं सगळं भागत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याची धार नसते आणि परिपत्रक मयताच्या घरात शिरत नाही. त्या क्षणी भोवती ज्या चार बायका बसलेल्या असतात, त्यातली एखादी ‘राहू द्या गं, कशाला ते’ म्हणाली तर बांगडी वाचते. नाही म्हणाली तर फुटते. पण ठरावामुळं एवढं झालं की तसं म्हणणाऱ्या बाईला आता आधार आहे. ‘गावाचं ठरलंय’ असं ती म्हणू शकते. एरवी तिला कुणी बोलूही दिलं नसतं.

दुसरी वसुली लेकींकडून, आणि ती जास्त शांतपणे होते. तिच्याविरुद्धचा ठराव अजून कुठल्या गावानं केलेला मी ऐकलेला नाही.

त्याआधी माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगते, कारण या विषयावर माझं जे मत आहे ते पुस्तकात वाचून झालेलं नाही. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. करवीर तालुक्यातले. स्वतःचं रान एकराच्या आतलं, त्यामुळं हंगामात ते दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून जात. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: घाण्यावर ऊस लावणारा वेगळा, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या वेगळा, आणि कायलीपाशी उभा असतो तो गुळव्या. रस उकळायला लागला की मळी वर येते. भेंडीचं चिकट पाणी घालून ती धरायची आणि काढत राहायची. मग पाक दाटत जातो, रंग बदलत जातो, वास बदलतो. तो नेमका कधी उतरवायचा हे घड्याळ सांगत नाही. दादा थंड पाण्यात बोटं बुडवून कायलीच्या कडेचा पाक उचलायचे, परत पाण्यात धरून त्याची गोळी वळते का बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, ‘उतरा.’ थोडा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप धरत नाही आणि सौद्याला व्यापारी नाक मुरडतो. त्या एका शब्दावर मालकाचा अख्खा आधण अवलंबून असायचा. म्हातारपणी रेशन दुकानातल्या मशीनवर दादांचा अंगठा उमटायचा नाही. दुकानदार म्हणायचा, ‘दादा, हात धुऊन या.’ दादा हसायचे. हात धुऊन काय होणार, रेषाच कायलीत गेल्या होत्या.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते फार खूश झाले होते, जसं काही त्यांनाच मिळालं. तोवर आमच्या आजूबाजूची निम्मी गुऱ्हाळं बंद पडली होती, ही गोष्ट वेगळी.

तर हे दादा. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती ते दिवस. शरद जोशी सभेत शेतकऱ्यांना सांगत, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा. पुढं १९९२ मध्ये सरकारनंही तशी योजना काढली, नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर त्याच्या जोडीला बायकोचं नाव लागेल. दादा कुठल्या संघटनेचे वगैरे नव्हते. एका पावसाळ्यात, गुऱ्हाळं बंद असताना, तलाठ्याकडं जाऊन त्यांनी अर्ज दिला आणि आईचं नाव लावून आले. कट्ट्यावरच्या मंडळींना आयताच विषय मिळाला. ‘रान बायकोच्या नावावर केलंस, आता ती तुला घालवून देणार बघ!’ दादा म्हणाले, ‘घालवंना. रान तर जाग्यावर ऱ्हाईल.’

मरणाआधी काही वर्षं त्यांनी एका साध्या कागदावर मृत्युपत्रही केलं. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, फक्त दोन साक्षीदार लागतात, एवढं त्यांनी कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. घर भावाला, कारण तो तिथं राहतो. रानात आईच्या बरोबरीनं आम्हा तिन्ही भावंडांचं नाव. ते गेल्यावर आमच्या घरात या विषयावर एक बैठकसुद्धा झाली नाही. भावानं तलाठ्याकडं अर्ज दिला, सगळ्यांची नावं लागली, रान तोच कसतो, आम्ही बहिणी सुगीला जातो आणि येताना तांदूळ, शेंगा घेऊन येतो. एवढंच.

हे वाचून कुणी म्हणेल, भाग्यवान आहात. मला नेमकी तीच गोष्ट खटकते. आमचं जे झालं ते एका माणसाच्या स्वभावामुळं झालं. आमच्या शेजारच्या घरातले काका दादांइतकेच लेकींवर जीव टाकणारे. थोरलीला दहावीच्या परीक्षेला सायकलवरून सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसायचे. मायेत तसूभर कमी नाहीत. पण त्यांनी लिहून काही ठेवलं नाही, हयातीत कागद हलवला नाही, आणि ते गेल्यावर बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी लेकींच्या सह्यांसाठी गाडी तालुक्याला गेली. बापाच्या प्रेमाला कागदाची जोड नसली तर त्या प्रेमाचं काय करायचं हे मागं राहिलेले ठरवतात, आणि ते कसं ठरवतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

बाराव्याचा दुसरा दिवस का? कारण सगळ्या बहिणी एकाच वेळी माहेरी असतात अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. पुण्याची, इचलकरंजीची, निपाणीची, सगळ्या आलेल्या. आई अजून धड जेवतही नसते. थोरले चुलते बोलायला सुरुवात करतात. ‘आक्का, आबांच्या माघारी घर फुटायला नको. त्यांनी तुम्हाला काय कमी केलं काय? सही तेवढी करून टाका, म्हणजे पोरगं मोकळं.’ मग वैनी साडी-चोळी आणते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो निघतो, अंगठे होतात, दहा ओळी वाचून दाखवल्या जातात आणि हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, होतं. बहुतेक जणी आपखुशीनं सही करतात, हे मी मान्य करते. पण बाप जाऊन पंधरा दिवसही झालेले नाहीत, समोर आई रडतेय, भाऊ मान खाली घालून बसलाय आणि चुलत्यांनी बापाचं नाव काढलंय, अशा वेळच्या खुशीला खुशी म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

कायदा याबाबत गोंधळलेला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या मिळकतीत त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना पहिल्या वर्गाचे वारस धरलं. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलगा जन्मानं हिस्सेदार आणि मुलगी नाही, हा भेद राहिला होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलून अविवाहित मुलींना तो हक्क दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना. तरी वाद चालूच होता, की बाप त्या तारखेला हयात असायला हवा का. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तोही संपवला. मुलगी जन्मानंच हिस्सेदार, बाप २००५ ला हयात असो वा नसो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटपं तेवढी तशीच राहतात. आपल्याकडच्या जैन आणि बौद्ध कुटुंबांनाही हाच कायदा लागू. मुस्लिम कुटुंबांत हिस्से शरियतनं ठरतात, मुलीचा मुलाच्या निम्मा, पण तो ठरलेला असतो.

शिवाय सातबाऱ्यावर नाव नसलं म्हणून हक्क जात नाही. ती महसुली नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. पण ही गोष्ट वकिलाच्या टेबलावर खरी. गावात ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याचं रान. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की ते फिरवायला दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दबाव शाबीत करावा लागतो, म्हणजे सख्ख्या भावाला पिंजऱ्यात उभं करावं लागतं. कोण करणार?

याच्या विरोधात जी बाजू मांडली जाते ती सगळीच पोकळ नाही. सर्वांत वजनदार मुद्दा कर्जाचा आहे. उताऱ्यावर सहा नावं असली तर पीककर्जाला सहा जणांची संमती लागते. एक बहीण मुंबईला, एक सासू आजारी म्हणून येऊ शकत नाही, सेवा सोसायटीचा सचिव म्हणतो कागद पूर्ण करा, आणि इकडं लावणीची वेळ निघून जाते. रान कसणाऱ्या भावाची ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर इलाज आहेत. कुलमुखत्यारपत्र करता येतं. सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदाराकडून महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं आणि मग ज्याचा त्याचा उतारा वेगळा होतो. बहिणीला जमीन नको असेल तर तिच्या हिश्श्याची किंमत ठरवून चार हप्त्यांत देता येते. हे इलाज कुणी सुचवत नाही, कारण फुकट होणाऱ्या कामाला पैसे कोण मोजणार?

जमिनीचे तुकडे होतात म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की तीन भाऊ असले तर तुकडे होत नाहीत का? तेव्हा कुणी म्हणत नाही की धाकट्यानं आबांच्या स्मरणार्थ आपला वाटा सोडावा.

‘लग्नात दिलं की’ हे तिसरं. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, त्याची पावती वारसाहक्कात लावणं म्हणजे गुन्ह्याला हिशेबात घेणं. आणि सोनं दिलं असेल तर भावाच्या लग्नालाही मांडव घातलाच होता.

राहिली माहेर तुटण्याची भीती. ही माझ्या मैत्रिणींपैकी प्रत्येकीनं बोलून दाखवली आहे आणि तिच्यापुढं कायद्याची कलमं फिकी पडतात. भाऊबीजेला जायचं कुठं? आजारपणात हक्कानं राहायचं कुणाकडं? बाई जमिनीवर सही करते ती माहेर विकत घेण्यासाठी. मग एवढं मोल मोजून घेतलेलं माहेर टिकतं का? काही ठिकाणी टिकतं. काही ठिकाणी महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला आला की, किंवा शहराजवळच्या रानात प्लॉट पडले की, भावाच्या बोलण्यातला ‘आक्का’ हळूहळू विरत जातो. ज्या नात्यात वाटा मागितला की नातं संपतं, त्याचं ओझं एकट्या बहिणीनं का वाहायचं? बापाच्या माघारी घर एकत्र ठेवण्याची जबाबदारी भावावरही तेवढीच आहे.

आता सरकारची बाजू. १ एप्रिल २०२५ पासून महसूल खात्यानं राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू केली. वर्षानुवर्षं मयत खातेदारांची नावं उताऱ्यावर तशीच राहिलेली, ती काढून वारसांची लावायची. हेतू चांगला आणि काम गरजेचं, कारण आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली तरी उताऱ्यावर आजोबाच, अशी कैक घरं आपल्याकडं आहेत. पण नोंदींची संख्या वाढवण्याच्या घाईत नेमकं ते घडायची धास्ती असते ज्याबद्दल मी लिहितेय. वारसांची यादी द्यायला कचेरीत जातो तो बहुधा थोरला मुलगा. तो सांगेल ती यादी. पोलीस पाटील आणि गावातले दोन पंच सही करतात, त्यांना सगळ्या बहिणी ठाऊक असतात, पण ‘त्या काय मागणार हायत’ म्हणून सोडून देतात.

माझं म्हणणं साधं आहे. बाप गेल्यानंतर एक वर्ष त्याच्या मिळकतीवरचं कुठलंही हक्कसोडपत्र नोंदवून घेऊ नये. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायचा नियम आहे, ती व्हावी, सगळ्यांच्या नावानं व्हावी. पण हक्क सोडायचा असेल तर वर्षश्राद्धानंतर. तोवर बाई आपल्या घरी परतलेली असते, पोरांची फी, नवऱ्याचं आजारपण, सगळं पुन्हा सुरू झालेलं असतं आणि काय सोडायचं, काय नाही, हे ती शुद्धीत ठरवू शकते. शिवाय निबंधकानं तिला भावांच्या गैरहजेरीत, एकटीला विचारावं: हिस्सा किती आहे आणि त्याची किंमत काय होते हे तुम्हाला माहीत आहे का? जिला तरीही सोडायचा आहे तिनं खुशाल सोडावा, तो तिचा अधिकार आहे.

सरकारी कामात आणखी एक अट कशाला, असं म्हणतील. पण मरणाच्या बाबतीतल्या सवयी कोल्हापूरनं याआधी बदलल्या आहेत. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. होळीला तरुण मंडळं होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानभूमीला देतात. नदीत रक्षा सोडण्याऐवजी ती आपल्या रानात पसरून वर आंब्याचं रोप लावणारी गावं आता नवलाईची राहिलेली नाहीत. यातलं काहीही कुणी दंडुका उगारून करून घेतलेलं नाही. चार घरांनी केलं, बाकीच्यांनी पाहिलं.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर थांबायची गरज नाही, कारण या जिल्ह्यात जमिनीइतकीच महत्त्वाची अशी दुसरी मिळकत आहे आणि तिच्यावर आपलंच राज्य आहे. कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचं सभासदत्व, पाणीपुरवठा संस्थेतला वाटा. सभासद गेला की हे सगळं मुकाट्यानं मुलाच्या नावावर जातं. सवलतीची साखर, मतदानाचा हक्क, दिवाळीचा बोनस, सगळं. गोठ्यात पहाटे कोण उठतं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण सभासद पुस्तकात तिचं नाव नाही. नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लिहिलेलं असतं, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कोर्टांनी कितीदा सांगितलं तरी संस्थेच्या कचेरीत कुणाला पटत नाही.

या संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. पहिला विषय मयत सभासदांना श्रद्धांजलीचा असतो. सगळे उभे राहतात, सचिव नावं वाचून दाखवतात, दोन मिनिटं स्तब्धता होते आणि मग दराचा विषय निघाला की गोंधळ सुरू होतो. यंदा ती नावं वाचून झाली की गोंधळाच्या आधी एखाद्या सभासदानं हात वर करून अध्यक्षांना विचारावं: आता ज्यांची नावं वाचलीत त्यांच्यापैकी किती जणांचे शेअर त्यांच्या बायकोच्या नावावर लागले, आणि किती जणांच्या मुलींना संस्थेनं निदान एक पत्र तरी पाठवलं? उत्तर अहवालात छापायला सांगावं.